बहामनी ते आदिलशाही : दक्षिणेतील मुसलमानी अंमलाचा उदय आणि अस्त

श्रीगुरुचरित्राच्या अखेरच्या भागात बेदरनगरीच्या एका यवन राजाची कथा आली आहे. कुरवपुरास श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणाऱ्या रजकाने कृष्णेच्या पात्रात एका मुसलमान राजाचे ऐश्वर्य पाहिले, त्याच्या मनात राज्यभोगाची वासना उत्पन्न झाली आणि तोच पुढील जन्मी बेदरचा राजा झाला. मांडीवरील स्फोटकाच्या व्यथेने त्रस्त होऊन तो गाणगापुरास आला व श्रीनृसिंहसरस्वतींच्या दर्शनाने व्यथामुक्त झाला, ही हकीकत दत्तभक्तांस मुखोद्गत आहे. ग्रंथात त्या राजाचे नाव नाही. काळाचा मेळ पाहून काही अभ्यासक तो बहामनी घराण्यातील दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (राज्यकाल 1436 ते 1458) असावा असे मानतात. ओळख पटो वा न पटो, एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या ग्रंथाचे सप्ताह घरोघर होतात त्याच ग्रंथात मुसलमान राजाला शत्रू म्हणून नव्हे, पूर्वजन्मीचा सेवक म्हणून स्थान मिळाले आहे. आणि हा ग्रंथ रचला गेला तो त्याच राजवटीच्या छायेत. ही राजवट कोठून आली, कशाच्या बळावर तीन शतकांहून अधिक काळ टिकली आणि कशाने लयास गेली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

अरबस्तानात सातव्या शतकात उदय पावलेली इस्लामची सत्ता शंभर वर्षांच्या आत पश्चिमेस स्पेनपर्यंत आणि पूर्वेस सिंधपर्यंत पोहोचली. सिंध 712 मध्ये पडला. परंतु सिंधपासून देवगिरीपर्यंतचे अंतर ओलांडण्यास या सत्तेस जवळजवळ सहा शतके लागली, आणि दक्षिणेत ती आली तेव्हा ती अरबांची राहिली नव्हती. दिल्लीच्या तुर्की सुलतानांची होती. अलाउद्दीन खिलजीने 1296 मध्ये देवगिरीवर अचानक घाला घालून रामदेवरायाकडून अगणित संपत्ती नेली. 1318 पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. 1327 मध्ये महंमद तुघलकाने देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी आणली. राजधानी फार काळ टिकली नाही; पण तिच्याबरोबर आलेले सरदार, मुनशी आणि सूफी साधू मात्र बहुसंख्येने दक्षिणेतच राहिले. दिल्ली दूर होती, सुलतान लहरी होता आणि दक्षिणेतील अमीरांस आपल्या प्राणांची शाश्वती वाटत नव्हती. त्यांनी बंड केले. 3 ऑगस्ट 1347 रोजी हसन नावाच्या सरदाराने दौलताबादेस अलाउद्दीन हसन बहमनशहा या नावाने राज्यारोहण केले. येथूनच बहामनी राज्याचा आरंभ होय.

या हसनाविषयी एक लोकप्रिय कथा फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. हसन हा दिल्लीतील गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याच्या पदरी होता, शेत नांगरताना सापडलेले द्रव्य त्याने प्रामाणिकपणे धन्यास आणून दिले, आणि त्या ब्राह्मणाच्या उपकाराची आठवण म्हणून त्याने राज्यास ‘ब्राह्मणी’ म्हणजे ‘बहामनी’ नाव दिले, असा तिचा आशय आहे. कथा मनोहर आहे, आणि कीर्तनांत ती अद्यापि ऐकू येते. परंतु ती खरी नव्हे. हसन स्वतःस प्राचीन इराणातील बहमन या वीराचा वंशज म्हणवीत असे व त्यावरून घराण्यास हे नाव पडले, असे समकालीन साधनांवरून दिसते. तरीही दीडदोन शतकांनंतर लोकांनी ही कथा का रचावी, हा प्रश्न उरतोच. राज्याच्या कचेरीत ब्राह्मण लेखक बसलेले लोक नित्य पाहत होते. फिरोजशहा बहमनीने (1397 ते 1422) तर ब्राह्मणांस कारभारात मोठ्या प्रमाणावर घेतले. जे डोळ्यांपुढे होते त्याचे मूळ लोककथेने संस्थापकाच्या चरित्रात नेऊन ठेविले, इतकेच.

बहामनींची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. पुढे अहमदशहा वलीने ती बेदरास नेली. विजयनगरशी त्यांचे युद्ध रायचूरच्या दुआबासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्या लढायांत दोन्ही बाजूंनी जी हिंसा झाली तिचे तपशील देण्याचे येथे प्रयोजन नाही. राज्याची घडी मात्र पाहण्यासारखी आहे. गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड आणि बेदर असे चार ‘तरफ’ होते आणि प्रत्येकावर एक तरफदार. तरफदार आपल्या प्रांतातले किल्ले, वसूल आणि फौज एकाच हातात ठेवीत असे; सुलतान समर्थ असेल तोवरच तो नमून राहावयाचा. या व्यवस्थेतील दोष ज्याने ओळखला आणि दूर करू पाहिला, तो महमूद गवान होय.

गवान हा इराणातील गिलान प्रांतचा. 1453 मध्ये व्यापारी म्हणून तो दक्षिणेत आला आणि आपल्या बुद्धीच्या बळावर वजीरपदास चढला. 1472 मध्ये त्याने गोवा घेतला. बेळगावचा किल्लाही बहामनींकडे आला. बेदर येथील त्याची मदरसा त्याच सुमाराची. तिची निळ्या-हिरव्या चकचकीत फरशांची भिंत अर्धीअधिक आजही उभी आहे. परंतु गवानाचे खरे काम विटांचे नव्हते. त्याने चार तरफांचे आठ केले. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली, आणि प्रत्येक तरफातील काही मुलूख थेट सरकारच्या खालशात आणला. ज्यांचे अधिकार कापले गेले ते स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्यातच दरबारात दोन तट पडले होते : एक दख्खनींचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या मुसलमानांचा व त्यांच्या बाजूच्या हबशांचा, दुसरा आफाकींचा, म्हणजे इराण-तुराणाहून नव्याने आलेल्यांचा. गवान स्वतः आफाकी असूनही त्याने दोहोंत तोल राखण्याचा यत्न केला. विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्यास वश करून कोऱ्या कागदावर मोहोर उठविली आणि त्यावर ओरिसाच्या राजास आक्रमणाचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले. मद्यधुंद सुलतानाने चौकशी केली नाही. 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी ओलांडलेल्या या वजीराचा शिरच्छेद झाला. मागाहून त्याची मालमत्ता तपासली तेव्हा स्वतःच्या उपभोगासाठी राखलेले द्रव्य अगदी अल्प निघाले. सुलतान पश्चात्तापाने पुढील वर्षीच मरण पावला असे म्हणतात. पश्चात्तापाचे कोणास ठाऊक. मृत्यू मात्र 1482 मध्ये झाला हे निश्चित.

गवानाच्या वधाने जे तुटले ते पुन्हा जोडले गेले नाही. दहा वर्षांच्या आत विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड येथील सरदार स्वतंत्र झाले, पुढे गोवळकोंडाही. बेदरास नाममात्र सुलतानाच्या आड बरीदांची सत्ता उरली. अशा रीतीने एका राज्याच्या पाच शाह्या झाल्या. त्यांतील विजापूरची आदिलशाही हीच बेळगाव, कोकण आणि गोमंतक यांच्या इतिहासाशी सर्वाधिक निगडित आहे.

आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा 1510 मध्ये वारला, आणि त्याच वर्षाच्या 25 नोव्हेंबरला अल्बुकर्कने गोवा कायमचा जिंकला. गोव्याचे बंदर म्हणजे घोड्यांच्या व्यापाराचे नाक होते. ते गेले तरी सभोवारचा मुलूख, फोंडा, सांगे, कुडाळ, बेळगाव, आदिलशाहीकडेच राहिला. 1543 मध्ये मात्र दरबारी भाऊबंदकीत सापडलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने बारदेश आणि सासष्टी हे दोन महाल पोर्तुगीजांस कायमचे देऊन टाकले. शाही दप्तरात ती दोन महालांच्या वसुलाची गोष्ट असेल. गोमंतकातील देवस्थानांच्या दृष्टीने ती प्रलयाची नांदी ठरली. 1560 मध्ये गोव्यात धर्मन्यायालय बसले. सासष्टीतील देवालये पाडली जाऊ लागली. त्या दशकात कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली. ही सर्व नवी स्थाने अंत्रुज महालात, म्हणजे झुआरी नदीच्या अलीकडे होती, आणि अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीचा होता.

येथे इतिहासाच्या वाचकाने क्षणभर थांबले पाहिजे. 23 जानेवारी 1565 रोजी राक्षसतागडीच्या लढाईत दक्षिणेतील शाह्यांनी एकत्र येऊन विजयनगरच्या रामरायाचा वध केला. त्यानंतर विजयनगर शहर महिनेच्या महिने लुटले जात होते. हंपीचे भग्नावशेष आजही ते सांगतात. त्या शाह्यांत विजापूरचा पहिला अली आदिलशहा प्रमुख होता. आणि नेमक्या त्याच वर्षांत, त्याच अली आदिलशहाच्या मुलखात, सासष्टीतून रातोरात डोक्यावरून आणलेल्या देवमूर्ती स्थापिल्या जात होत्या. एका हाताने देवालये उद्ध्वस्त झाली, दुसऱ्या बाजूस देवांस आश्रय मिळाला. यातील एकच बाजू सांगणारा इतिहास भाविकांच्या भावनेस सुखवील, पण तो अपुरा राहील. आश्रय देण्यामागे सुलतानाची धर्मबुद्धी होती असे समजण्याचे कारण नाही. वस्ती वाढली तर वसूल वाढतो, आणि पोर्तुगीज हा समान वैरी होता. 1570 मध्ये अली आदिलशहाने गोव्यास वेढाही घातला, तो निष्फळ झाला. परंतु हेतू कोणताही असो, देवांस जागा मिळाली आणि त्या जागी ते आजतागायत नांदत आहेत.

आता या राजवटीच्या अंतरंगाकडे वळू. विजापूरच्या गोलघुमटाचा, आतून सुमारे 124 फूट व्यासाचा, प्रचंड घुमट पाहून प्रवासी थक्क होतो आणि राज्याचे बळ तेथे होते असे समजतो. ते बळ वस्तुतः गावच्या चावडीत होते. तुर्क, इराणी, हबशी सरदार राजधानीत वा किल्ल्यात राहत. खेड्यात पाटील आणि कुळकर्णी, परगण्यात देशमुख, देसाई आणि देशपांडे, ही वतनदारांची परंपरा यादवांच्या काळापासून चालत आलेली, तिला या शाह्यांनी हात लावला नाही. लावणे त्यांस परवडणारेही नव्हते. कोणती जमीन जिरायत, कोणती बागायत, कोणाचे पड किती, हे फारसी जाणणाऱ्या मुनशीस कसे कळावे? पहिल्या इब्राहिमाने (1534 ते 1558) आफाकी सरदारांस दूर सारून दख्खनींस जवळ केले आणि सरकारी हिशेब फारसीऐवजी हिंदवीत ठेवण्याची आज्ञा केली. त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचा प्रभाव वाढला, असे फरिश्ता लिहितो. तो स्वतः आफाकी असल्यामुळे त्याच्या शब्दांत किंचित नाराजी आहे. खाली परगण्यांत तर मराठी आणि कानडीवाचून कारभार चालतच नव्हता. फारसी फर्मानाखाली मोडीत मराठी मजकूर असलेले कागद याची साक्ष देतात. लष्करातही तेच. फलटणचे निंबाळकर, मुधोळचे घोरपडे, म्हसवडचे माने, जतचे डफळे, वाडीचे सावंत हे सर्व आदिलशाहीचे मनसबदार. निजामशाही 1636 मध्ये बुडाल्यावर शहाजीराजे भोसलेही विजापूरच्या सेवेत आले.

देवस्थानांच्या आणि मठांच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू म्हणजे इनामाची सनद. सनदेत गावाचे नाव, जमिनीची सीमा, दिवाबत्ती वा अन्नछत्र असे प्रयोजन लिहिलेले असे. दरसाल नव्या आज्ञापत्राची मागणी करू नये, नक्कल ठेवून मूळ कागद भोगवटदारास परत द्यावा, अशी ताकीद शेवटी ठरलेली. मोडता घालणाऱ्यास हिंदू असल्यास गाईची आणि मुसलमान असल्यास सुराची शपथ घातलेली असे. दोहोंच्या श्रद्धेची जाण एकाच ओळीत! व्यवहारात मात्र ‘दरसाल मागणी करू नये’ या शब्दांस मर्यादा होती. नवा सुलतान आला, नवा हवालदार आला, की इनामदारास पुन्हा सनद नूतन करून घ्यावी लागे, आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. म्हणून एकाच जमिनीचे चार चार पिढ्यांचे कागद सापडतात. श्रीमोरया गोसावी यांच्या चिंचवड संस्थानाचे असे फारसी कागद गणेश हरी खरे यांच्यासारख्या संशोधकांनी उजेडात आणले.

त्या कागदांवरील कालगणनाही मोठी मौजेची आहे. तीस शुहूर सन म्हणतात. गणिताने पाहता ती हिजरी 745, म्हणजे इ. स. 1344 पासून वेगळी निघालेली दिसते. आकडे अरबी शब्दांत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. परंतु वर्ष चांद्र नव्हे, सौर. आणि त्याचा आरंभ सूर्य मृगनक्षत्री जातो तेव्हा! पेरणी मृगावर होते, तेव्हा वसुलाचे वर्षही मृगापासूनच धरणे सोयीचे. म्हणून यास मृगसाल असेही म्हणत. अरबी अंक आणि आपले नक्षत्र यांचा हा संयोग कोणा सुलतानाच्या औदार्यातून झाला नाही, शेतकऱ्याच्या गरजेतून झाला. शुहूर सनात 599 किंवा 600 मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. मराठ्यांनी राज्य मिळविल्यावरही पेशवाईअखेर हाच सन दप्तरात चालू ठेविला. जमा, खर्च, तारीख, अर्ज, इनाम, दप्तर हे शब्द तर अद्याप मराठी माणसाच्या तोंडी आहेत. श्रीशिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून त्यांस संस्कृत प्रतिशब्द दिले. कोश उत्तम झाला, पण लोकांनी शब्द सोडले नाहीत. देवाच्या पालखीपुढे चालणारा अब्दागीरही फारसी ‘आफताबगीर’, सूर्याचे ऊन अडविणारा, याचेच मराठी रूप होय.

एकाच घराण्यातील सुलतान एकसारखे नव्हते. पहिल्या अलीच्या राजग्रंथालयावर वामन पंडित नावाच्या शास्त्र्याची नेमणूक झाल्याचे कागद आहेत. (‘यथार्थदीपिका’कार वामन पंडित त्यानंतरच्या शतकातले, दोघांची गल्लत करू नये.) दुसरा इब्राहिम (1580 ते 1627) संगीताचा व्यासंगी; त्याच्या ‘किताब-ए-नवरस’ या दख्खनी गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती यांची स्तुती आहे, आणि प्रजा त्यास ‘जगद्गुरू’ म्हणत असे. आचार्यपीठांचे बिरुद एका सुलतानास लावलेले ऐकून आज आश्चर्य वाटेल. विजापूरच्या अर्ककिल्ल्यातील श्रीनृसिंहसरस्वतींच्या स्थानाशी त्याचे नाव परंपरा जोडते, तर नृसिंहवाडीच्या देवालयाच्या बांधणीची कथा विजापूरच्या बादशहाशीच निगडित आहे. याउलट 1659 मध्ये याच दरबाराचा सरदार अफजलखान निघाला तेव्हा त्याने तुळजापूरच्या श्रीभवानीस उपद्रव दिला, असे सभासद बखर सांगते. तेव्हा ‘आदिलशाही’ असे एकच नाव घेऊन तिच्यावर स्तुतीचा वा निंदेचा एकच शिक्का मारणे हे आळसाचे लक्षण आहे. कोणाच्या वेळी, कोणाच्या हातून, कोणत्या ठिकाणी, हे प्रत्येक वेळी विचारावेच लागते.

लय मात्र त्याच जुन्या मार्गाने झाला. 1656 मध्ये महंमद आदिलशहा वारला. 1672 मध्ये दुसरा अलीही गेला आणि चारपाच वर्षांचा सिकंदर तख्तावर बसला. पालक कोणी व्हावयाचे यावरून हबशी-दख्खनी तटाचा खवासखान आणि पठाणांचा बहलोलखान यांच्यात वैर जुंपले. बहलोलने खवासखानास कैद करून ठार केले. गवानाच्या वेळी लावलेले रोप दोनशे वर्षांनी असे फळास आले. राजधानीत कलह चालू असता सह्याद्रीत नवे राज्य उभे राहिले. 1675 मध्ये फोंड्याचा किल्ला शिवरायांनी घेतला. शेवटी औरंगजेबाने वेढा घातला आणि 12 सप्टेंबर 1686 रोजी सिकंदर त्यास शरण गेला. एका मुसलमान बादशहानेच मुसलमानी राज्य बुडविले, यात त्या काळच्या लोकांस विशेष काही वाटले नसावे. राज्ये परस्परांशी लढत ती वसुलासाठी आणि किल्ल्यांसाठी.

सुलतान कैदेत गेला, पण गावोगावचा कुळकर्णी आपल्या जागी बसूनच होता. तेच शेत, तीच सीमा, तेच देवस्थान. वर मोहोर तेवढी मोगलांची झाली, नंतर छत्रपतींची, नंतर पेशव्यांची. इंग्रजी अंमलात 1843 पासून धारवाड-बेळगावकडील दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली, आणि 1852 च्या कायद्याने तिला इनाम कमिशनचे पूर्ण रूप आले. तेव्हा देवस्थानांचे आणि मठांचे कारभारी जुनी दप्तरे सोडून विजापूरची फर्माने हाती घेऊन उभे राहिले. ज्यांस कागद दाखविता आला नाही, अशा असंख्य इनामदारांची इनामे खालसा झाली.